पाच वाजता उठून काय करून राह्यले भाऊ?

स्वतःला सुधारायला सांगणाऱ्या प्रत्येक पुस्तकात एक खोली असते. तिला दार असतं आणि दाराला आतून कडी असते. पहाटे पाचला उठायचं, त्या खोलीत बसायचं, डोळे मिटून मनात काय चाललंय ते न्याहाळायचं, वहीत टिपायचं आणि सहा वाजता नवा माणूस होऊन बाहेर पडायचं, असा एकंदर बेत असतो. लिहिणाऱ्याने अमरावती-अकोल्याकडचं घर पाहिलेलं नसतं, हे उघड आहे. इकडेही खोली असते, दारही असतं. पण कडी लागली रे लागली की घरातल्या चौघांना नेमकं त्याच खोलीतलं काहीतरी हवं असतं. तरीही कोणी दहा मिनिटं नेटाने बसून राहिलाच, तर पहिली थाप आईची, दुसरी बायकोची, आणि मग कंपाउंडच्या भिंतीपलीकडून शेजारच्या काकांचा आवाज: ‘काऊन भाऊ, तब्येत गिब्येत बरी नाई काय?’ ध्यान तिथेच आटोपतं. यावरून शहाणी माणसं असा निष्कर्ष काढतात की वऱ्हाडात आत्मसुधारणेला वाव नाही, त्यासाठी पुण्यात वन बीएचकेच घ्यावा. मला हा निष्कर्ष साफ चुकलेला वाटतो. माणूस चारचौघांत सुधारतो. कोणीतरी विचारणारं असेल तर सुधारतो. आणि विचारणाऱ्यांच्या बाबतीत वऱ्हाड हा महाराष्ट्रातला सर्वांत सधन प्रदेश आहे.

आधी सवयीचं पाहू. एकवीस दिवसांत सवय लागते, असं दर शिबिरात छातीठोकपणे सांगतात. या एकविसाचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. नाक दुरुस्त करून घेतलेल्या माणसाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. पुढच्या लोकांनी त्यातलं ‘किमान’ही काढून टाकलं आणि नाकही. खरा हिशेब लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, थोडं धावणं असल्या साध्या कामांतून एकेक ९६ जणांना निवडायला सांगितलं आणि बारा आठवडे त्यांची नोंद ठेवली. २०१० साली छापलेल्या त्या अभ्यासाप्रमाणे सवय अंगात मुरायला सरासरी ६६ दिवस लागतात. सर्वांत चटपटीत माणसाला १८, आणि सर्वांत निवांत माणसाला अंदाजाने २५४. वऱ्हाडी पंचांगात सांगायचं तर गुढीपाडव्याला धरलेला संकल्प मृगाच्या तोंडावर अंगवळणी पडतो, आणि निवांत माणसाचा कापसाच्या वेचणीत. एवढे दिवस एकट्याच्या जिवावर उत्साह टिकत नाही. शिवाय सवयीला रोज तीच ती खूण लागते. चहा झाला की अमुक, जेवण झालं की तमुक. अकोल्यात पहाटेची खूण नळाच्या ताब्यात आहे, आणि नळ काही रोज येत नाही. पण ज्या दिवशी तो साडेचारला येतो त्या दिवशी अख्खी गल्ली साडेचारला उठलेली असते, त्यात आयुष्यात कधी सूर्योदय न पाहिलेले लोकही असतात. त्यांना मोबाइलच्या गजराने उठवलेलं नसतं. समोरच्या काकूंनी ‘नळ आले वो!’ म्हणून एकच हाक मारलेली असते.

उलट बाजूचा पुरावा हवा असेल तर पानठेल्यावर उभं राहावं. खर्रा खायला कोणी पुस्तक वाचून शिकलेलं नाही. ठेलेवाला पन्नीच्या तुकड्यावर सुपारीचा चुरा घेतो, त्यावर तंबाखू, वर बोटभर चुना, मग पन्नी दुमडून तळहाताने अशी घासतो की रस्त्याच्या पलीकडे कसकस ऐकू यावी. पुडी एकाची असते, बोटं चौघांची. ‘घे नं बे, थोडसाक’ एवढ्यावर दीक्षा होते. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, ठरलेली टोळी, आणि एक दिवस गेलं नाही तर ‘काल कुठी होता बे?’ असं आस्थेने विचारणारा निदान एक जण. लॅलीबाईंनी बारा आठवडे ज्याचा शोध घेतला ते सगळं ठेल्यावर फुकटात हजर असतं. माणूस सोडायचं ठरवतो तेव्हा मात्र एकट्याने ठरवतो. मनातल्या मनात, कोणाला न सांगता, म्हणजे मोडलं तर बोभाटा नको. संकल्प गुपचूप करण्यातच तो मोडायची सोय करून ठेवलेली असते. लागताना चौघांत लागलेली गोष्ट सुटताना एकट्याने सुटावी, ही अपेक्षाच मुळात अडाणीपणाची आहे.

आता भिशी घ्या. बँकेचं ॲप दर महिन्याला ‘तुमच्या स्वप्नांसाठी बचत करा’ असा गोड निरोप पाठवतं, आणि माणूस तो न वाचताच पुसून टाकतो. हाच माणूस भिशीचे दोन हजार पाच तारखेला संध्याकाळी सहाच्या आत आणून देतो. वेळ पडली तर साळ्याकडून उसने घेऊन देतो. भिशीला कायद्याचा आधार नाही, व्याज नाही, पासबुक नाही, एक शाळेची जुनी वही असते. पण बाराही जणांना माहीत असतं की कोणी दिले आणि कोणाचे राहिले, आणि ज्याचे राहिले त्याचा विषय पोह्यांच्या बशीबरोबर निघणार असतो. बचत गटांतल्या बायांनी तर यावर संसार उभे केले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचंही मूळ हेच. १९१४ साली वैद्य बंधूंनी ते काढलं, आणि १९३६ मध्ये या मंडळाच्या पोरांनी बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. घरच्या आरशासमोर जोर काढून कोणी बर्लिनला पोचत नाही. आखाड्यात उस्ताद मोजत असतो आणि शेजारचा पठ्ठ्या आपल्यापेक्षा दोन जास्तच काढत असतो. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजात प्रार्थना सामुदायिक ठेवली. एकट्याने देवासमोर बसलेला माणूस पेंगतो, ओळीत बसलेल्याला शेजाऱ्याचा कोपर असतो. महाराजांनी हे कारण दिलेलं नाही. पण त्यांना माणसाची पारख होती, एवढं खरं.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो. चारचौघांना दाखवायला केलेली गोष्ट म्हणजे ढोंग; खरा बदल आतून व्हायला पाहिजे. आक्षेप घेणारा बहुधा आतून व्हायची वाट पाहत बरीच वर्षं बसलेला असतो. समजा, एखाद्याने निव्वळ लोकांना दाखवायला रोज सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर फिरायचं ढोंग केलं. ढोंग पटावं म्हणून त्याला बूट घालावे लागतील, साडेपाचला घर सोडावं लागेल, आणि ओळखीचं कोणी दिसेल या धास्तीने खरंच चालावं लागेल. असं ६६ दिवस चाललेल्या माणसाची साखर रक्त तपासणाऱ्याला खरीच उतरलेली दिसते. आत भाव कोणता होता हे त्या यंत्राला कळत नाही. ढोंगाचा धोका आहे तो दुसरीकडे. न चालता स्टेटसवर बुटांचा फोटो टाकणं, हे खरं ढोंग. तिथे पाहणारे शेकडो असतात आणि ‘काल कुठी होता बे?’ विचारणारा एकही नसतो.

भावना ओळखण्याचं प्रकरण जरा अवघड आहे. १९९५ मध्ये डॅनियल गोलमनच्या पुस्तकाने भावनिक बुद्धिमत्ता घरोघरी नेली. राग आला की क्षणभर थांबा, त्याला नाव द्या, तो कुठून आला ते पाहा, असा तिचा पहिला पाठ. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हा पाठ अडतो. राग कुठून आला हे पाहायला गेलं तर तो सगळीकडूनच आलेला असतो. भिंतीतून, पलंगातून, नळाच्या गरम पाण्यातून. दुपारी तीनला घरात भांडण पेटतं ते कूलरवरून. टाकीतलं पाणी संपलेलं, वाळ्याच्या ताट्या कोरड्या ठक्क, आणि बादली घेऊन कोण उठणार हा प्रश्न. ‘मीच काऊन भरू?’ इथून निघालेली गाडी पाच मिनिटांत लग्नातल्या आहेरापर्यंत पोचते. आता यात खरी भावना कोणती? बाईला पाण्याचं दुःख नसतं. बावीस वर्षांत एकदाही कोणी न सांगता उठलं नाही, याचं असतं. आणि बाप्याला बादलीचा राग नसतो, कपाशीच्या भावाचा असतो, तो तो बादलीवर काढतो. ही गोष्ट दोघांपैकी एकालाही डोळे मिटून उमगत नाही. उमगते ती बहुतेक वेळा तिसऱ्या माणसाला, आणि तो तिसरा माणूस नेमका त्या वेळी ओसरीवर बसून ‘जाऊ द्या नं वहिनी, मी भरतो’ म्हणतो.

तिसऱ्या माणसाची ही कला या भागातल्या एका माणसाने अशी वापरली की तिला तोड नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म १८७६ चा. १९०५ मध्ये घर सोडलं आणि १९५६ मध्ये वलगावजवळ देह ठेवला, त्यामधली पन्नास वर्षं त्यांनी लोकांना प्रश्न विचारण्यात घालवली. गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे. लोक ओशाळून हातातला खराटा मागायचे. मागितला की सुधारणा सुरू झालीच म्हणायची. रात्री कीर्तन. त्यात उपदेश थोडा आणि विचारपूस फार. कर्ज काढून लग्न केलं का? नवसाला बकरं कापलं का? पोरगं शाळेत जातं का? साधे, हो-नाहीत उत्तर देता येतील असे सवाल, आपल्याच बोलीत, आणि उत्तर सगळ्या गावाने एका सुरात द्यायचं. मामाची शेती सावकाराच्या घशात जाताना पाहिलेला माणूस कर्जाबद्दल विचारत होता, त्यामुळे प्रश्नाला धार होती. ज्याने स्वतः शाळेची पायरी चढलेली नाही त्याचं नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे, आणि ते अगदी योग्य आहे. परीक्षा घ्यायची पद्धत त्यांना कोणत्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळत होती. पाया पडायला आलेल्याला ते काठी दाखवायचे, ही त्यांच्या पद्धतीतली सर्वांत हुशारीची गोष्ट. पाया पडून माणूस मोकळा होतो. बाबांना कोणाला असं मोकळं होऊ द्यायचं नव्हतं.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा भारी आहे. विचारणारे सगळेच काही गाडगेबाबा नसतात. ‘पगार किती भेटते?’, ‘लगन कधी करून राह्यला?’, ‘अजून एकच पोरगी काय?’ हेही विचारणंच. या प्रश्नांनी आजवर कोणी सुधारल्याचं ऐकिवात नाही. लग्नाकार्याला जायचं टाळायला लागलेले पुष्कळ आहेत. आणि घरातल्या सुनेला तर साक्षीदारांची कमी कधीच नव्हती. ती किती वाजता उठली, चहात साखर किती टाकली, माहेरी फोन किती वेळ चालला, सगळ्याची नोंद घरोघर चोख आहे. तिला चौघांत सुधारायचा सल्ला देणं म्हणजे क्रूर थट्टा. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यावरूनच विचारण्याची पारख करता येते. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असेल, किंवा ऐकायचंच नसेल, तर ती झडती; त्याने स्वतःचंही काही त्यात घातलेलं असेल, तर ती विचारपूस. भिशीतल्या बारा जणी एकमेकींना विचारतात तेव्हा प्रत्येकीने स्वतःही पैसे टाकलेले असतात. गाडगेबाबांनी ‘गाव स्वच्छ का नाही?’ हे विचारायच्या आधी अर्धं गाव झाडलेलं असायचं. पगार विचारणारे काका आधी आपला पेन्शनचा आकडा सांगत असते, तर त्यांचाही प्रश्न सुसह्य झाला असता. मात्र ते तो बायकोलाही सांगत नाहीत.

डायरी लिहिण्याची शिफारस करणारे इथे दादासाहेब खापर्ड्यांचं उदाहरण देऊ शकतील, आणि ते वजनदार आहे. अमरावतीचे नामांकित वकील, टिळकांचे जवळचे सहकारी, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. त्यांनी कित्येक दशकं रोजनिशी ठेवली. साईबाबांच्या सहवासात शिर्डीला १९११ च्या डिसेंबरपासून १९१२ च्या मार्चपर्यंत काढलेल्या दिवसांची नोंद तर पुढे पुस्तकरूपानेही निघाली. म्हणजे एकट्याने वहीत लिहून माणूस घडतो? पण ती पानं उघडून पाहावीत. सकाळी उठून प्रार्थना केली, कोणाबरोबर बसून काय वाचलं, कोण आलं, कोण गेलं, बोलत किती वेळ बसलो, दुपारी आडवा झालो. पान माणसांनी गच्च भरलेलं. आत खोल उतरून मनाचा तळ शोधण्याची हौस त्यात फारशी दिसत नाही. वकिली शिस्तीने त्यांनी दिवसाची साक्ष नोंदवून ठेवली आहे. आजच्या डायऱ्यांत ‘मला आज कृतज्ञ वाटतं अशा तीन गोष्टी’ लिहायला छापील रेघा असतात, पण कोण भेटायला आलं होतं ते लिहायला जागाच नसते.

आणि एक गोष्ट चौकात बोलता येत नाही, हेही मान्य करायला पाहिजे. ‘काय म्हणते मंग?’ या प्रश्नाला वऱ्हाडात एकच उत्तर आहे: ‘काई नाई, चालू आहे.’ सोयाबीन पाण्यात गेलं तरी चालू आहे, झोप उडून महिना झाला तरी चालूच आहे. पश्चिम विदर्भाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या इतकी वर्षं पाहिल्या आहेत की या उत्तरावर हसू येत नाही. अशा वेळी माणसाला पुस्तक पुरत नाही आणि पानठेलाही पुरत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा एक मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ने छापले. तिथे मोठी यंत्रणा उभारण्याआधी स्थानिक कार्यकर्त्यांनाच तयार केलं. ते बैठका घ्यायचे, लोकांशी बोलायचे, ऐकायचे, आणि गरज दिसली तर समुपदेशकाकडे, डॉक्टरकडे पोचवायचे. उदासीच्या आजारात मदत घेणारे आधी शंभरात ४.३ होते, साधारण दीड वर्षानंतर ते २७.२ झाले. माणसं काही अचानक आत्मज्ञानी झाली नव्हती. ‘चालू आहे’ हे उत्तर ऐकून उठून न जाणारं कोणीतरी समोर बसलं होतं, एवढाच फरक होता, आणि तो सहापटीचा निघाला.

राहता राहिली खरी नाती. याबाबत वऱ्हाडी माणसाचा आत्मविश्वास दांडगा. ‘आपलं काम तोंडावर राह्यते बावा, पाठीमागं नाई,’ हे तो पहिल्याच भेटीत सांगतो आणि पुढच्याच वाक्यात तुमचं पोट सुटल्याचं तोंडावर सांगून दाखवतो. पण हा सगळा रोखठोकपणा दुसऱ्याबद्दलचा. स्वतःबद्दल रोखठोक बोलायची वेळ आली की त्याला एकदम म्हशीला पाणी पाजायचं आठवतं. ‘मला तुझं वागणं लागलं’, ‘माझी चूक झाली’, ‘तू होतास म्हणून निभलं’ ही वाक्यं या मुलखात समोरासमोर बसून कोणी उच्चारत नाही. ती निघतात रोडग्यांच्या कार्यक्रमात. शेतात गोवऱ्यांचा आर पेटवतात, पदर लावून वळलेले कणकेचे गोळे त्यात सारतात, आणि मग तास-दीड तास कोणालाच काही काम नसतं. वांग्याची भाजी रटरटत असते, चार माणसं विस्तवाकडे तोंड करून उकिडवी बसलेली असतात, कोणी कोणाकडे पाहत नाही. अशात एक जण काडीने राख उकरत हळूच म्हणतो, ‘धुऱ्याच्या त्या गोष्टीचं माह्यंच चुकलं होतं.’ दुसरा रोडगा पालटतो. पुढे कोणी विषय वाढवत नाही, आणि तुपाची वाटी आधी त्याच्याकडे सरकते. हार्वर्डवाले १९३८ पासून माणसांचा पाठपुरावा करत आहेत; सुखी म्हातारपणाचा सर्वांत भरवशाचा अंदाज चांगल्या नात्यांवरून येतो, असं त्यांना आढळलं. एवढ्या वर्षांत एकदा तरी त्यांना वांग्याच्या भाजीला बोलवायला पाहिजे होतं.

तेव्हा ज्याला काही सुधारायचं असेल त्याने आधी ते जाहीर करावं, आणि माणूस पाहून करावं. व्यायामाचा बेत समोरच्या काकूंना सांगावा, दूधवाल्याला सांगावा. दोन दिवसांत कॉलनीला कळतं आणि माघारीचे रस्ते बंद होतात. खर्रा सोडायचा असेल तर ठेल्यावरच्या चौघांपैकी एकाला फोडून बरोबर सोडायला लावावं, मग राहिलेल्या दोघांची टोळी होत नाही. झोप उडाली असेल तर ते मात्र काकूंना सांगू नये. त्यासाठी एखादा कमी बोलणारा जुना मित्र आणि जिल्हा रुग्णालयातला डॉक्टर, दोघंही गाठावेत. यात गैरसोय आहे, नाही असं नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या चाळीस मिनिटांच्या फिरण्याला इकडे दीड तास लागतो, कारण दर शंभर पावलांवर कोणीतरी ‘आज उशीर झाला वाटते भाऊ’ म्हणून थांबवतो आणि उशिराचं कारण पूर्ण ऐकून घेतो. वडाळीच्या तलावापर्यंत जाऊन आलेल्या माणसाला परतीच्या वाटेवर चौघं सोबती मिळतात, आणि त्याच वाटेवर कुठेतरी आलूबोंड्याची कढई चढलेली असते. माझ्या मांडणीतली ही एकमेव कच्ची जागा आहे. त्यावर इलाज एवढाच, की फिरायच्या टोळीत एक तरी वाढलेल्या शुगरचा मेंबर पाहून घ्यावा. तो स्वतः खात नाही आणि आपल्यादेखत दुसऱ्यालाही खाऊ देत नाही.